टॅग नसलेली नऊ मिनिटं

सोलापुरातल्या डीजे लोकांची एक रीत आहे. ट्रॅक केला की मधोमध आपल्या नावाची आरोळी टाकायची, म्हणजे कुणी ढापला तरी कुणाचा ते कळतं. टॅग म्हणतात त्याला. मी कधीच टाकला नाही. लई माज होता मला. मी करायचो ट्रान्स, एकाच ठोक्यावर लांब चालणारं संगीत. ते ऐकताना माणूस हळूहळू आत उतरत असतो, आणि आपण मध्येच 'डीजे गौस' म्हणून बोंबलायचं? छे.

२००९ साली मी नऊ मिनिटांचा टेक्नो ट्रान्स केला. दोन वर्षं एकही मिरवणूक त्याच्याशिवाय गेली नाही. मग लोकांना हलगीचे रिमिक्स पाहिजे झाले. मी मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं, कॉम्प्युटर भंगारात घातला. माझी बायको झीनत गेली, तेव्हापासून घरात बोलायला कुणी नाही. टीव्ही लावून जेवतो झालं.

यंदा पोरांना जुन्या ट्रान्सचं पुन्हा याड लागलं. रिक्षात, रीलवर माझाच ट्रॅक, आणि सहाव्या मिनिटाला आरोळी: 'डीजे बिरदेव'. माझं डोकंच फिरलं. शटर ओढलं आणि थेट त्याच्या गोडाऊनवर गेलो. पैसा नको होता मला, नाव पाहिजे होतं.

बिरदेव निघाला सरळ माणूस. खुर्ची दिली, चहा मागवला.

"चाचा, हा ट्रॅक माझा म्हणणारे तुमी चौथे. पुरावा काय हाय?"

"आरोळी काढून लाव," मी म्हणालो. "सहाव्या मिनिटाला ठोका थांबतो, नुसती पेटी उरते. ती मी घरी माईकवर घेतली होती. मागं बांगड्या वाजतात बघ. माझी बायको भाकरी थापत होती."

त्यानं त्याच्याकडच्या जुन्या सीडीवरचा, बिनआरोळीचा ट्रॅक लावला. बांगड्या वाजल्या. मला खाली बघावं लागलं.

"पटलं," तो म्हणाला. "माईकवर नाव सांगा, आत्ता टाकतो. पण आरोळी बसायला तेवढीच शांत जागा हाय की, बांगड्यांवरच."

मी माईक हातात घेतला. तोंडाजवळ नेला, मग परत दिला.

"राहू दे. तुझंही नको, माझंही नको."

गणपतीच्या मिरवणुकीत बिरदेवची गाडी बाळीवेशीत आली. त्यानं माझं ऐकलं होतं, आरोळी काढून टाकली होती. पेटीच्या वेळी शेजारच्या बाईनं मला विचारलं, "कुणाचं हो हे?"

"माझं," मी म्हणालो. तेवढ्यात ठोका परत सुरू झाला. तिला काही ऐकू गेलं नाही, तिनं नुसती मान हलवली आणि पुढं बघायला लागली. मी दुसऱ्यांदा सांगितलं नाही.