मैद्याच्या डब्यातला दिवा

आउनेने मैद्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला, ती डबी बाहेर ओढली आणि एप्रनला पुसली. काडेपेटीहून थोडी मोठी, पांढरी, तोंडावर नखाएवढा दिवा. अख्खा आठवडा पिठात गाडली होती, तरी मिजास गेली नव्हती. वायर जोडली आणि थोड्या वेळाने दिवा झगझगीत पिवळा झाला.

"बघ," आउने डबीला म्हणाली, "डोळे भरून बघ."

आणि तिने डबीचं तोंड फिरवून खिडकीच्या काचेला टेकवलं. बघायचंच असेल तर बर्फ बघ म्हणावं. पन्नास वर्षं या स्वयंपाकघरात कुणी तिच्या पाठीवर नजर ठेवली नव्हती, नवऱ्यानेही नाही. त्याची टापच नव्हती.

आज शनिवार. शनिवारी लेकाकडे, ऑर्वोकडे, सौनाच्या वाफ-खोलीची भट्टी पेटायची, आणि वाफ घेऊन झाली की तो आईला शेत ओलांडून घरी सोडायला यायचा. आला की आधी ओट्याकडे बघायचा, डबी जागेवर आहे ना म्हणून. एवढ्यासाठीच तिला आज पिठातून वर यायला मिळालं होतं.

रस्ते खात्यातून निवृत्त झाल्यापासून ऑर्वोला या तारांचं वेड लागलं होतं. बोटाएवढ्या हिरव्या पट्ट्या टपालाने मागवायचा. त्यांना तो मायक्रोकंट्रोलर म्हणे. त्यांना डाख देऊन दिवे, पंखे, गॅरेजचं दार, सगळं बिनतारी हुकमावर नाचवायचा. साठी ओलांडलेला बाप्या. नाचवू दे, दारू तर पीत नाही, असं आउने शेजारणींना सांगायची. पण हरणांच्या शिकारीचा हंगाम संपला आणि त्याने ही डबी तिच्या ओट्यावर आणून ठेवली.

"रोज सकाळी हा पिवळा होतो. नाही झाला तर ये आणि मला सांग, दुरुस्त करीन."

एवढंच बोलला. त्यांच्यात पुरुष एवढंच बोलतात. आणि त्याच आठवड्यात लेक मार्लीनचा ग्रीन बे शहरातून फोन आला, पुलापलीकडच्या वृद्धाश्रमाचं गुणगान करत. खोलीतून नदी दिसते म्हणे, कपडेसुद्धा तेच धुतात. आउनेने लेकीला विचारलं होतं की मग तूच का जात नाहीस राहायला. पण फोन ठेवल्यावर तिने डबीकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. म्हातारी कधी उठते, चूल बंद करायला विसरते का, याचा हिशेब ही डबी ठेवणार. मग भाऊबहीण तो डॉक्टरपुढे मांडणार, आणि तिच्या घराला कुलूप. वर निगराणी करणारं यंत्र बिघडलं तर तिनेच जाऊन वर्दी द्यायची, हा तर कहरच.

तिने परीक्षाही घेतली होती. मुद्दाम रिकामं भांडं चुलीवर तापत ठेवलं. कुणी धावत आलं नाही. इतके ते पोचलेले. शेवटी गेल्या शनिवारी ऑर्वो तिला घरी सोडून गेला आणि तिने डबी मैद्यात पुरली. त्यानंतर आठवडाभर तो फिरकला नाही. मनात पाप असलं की माणूस तोंड दाखवत नाही, हे तिला ठाऊक होतं.

वेलदोडे घातलेला, वेणीसारखा गुंफलेला पाव फडक्यात बांधून, हातमोजे चढवून ती निघाली. शेत हाकेच्या अंतराचं, पण बर्फ घोट्याच्या वर. दिवस मावळतीला लागला होता. ऑर्वो लाकडांच्या ढिगाला टेकून उभा होता. त्याने नुसता हात वर केला. तिने तोही केला नाही.

दारात बूट काढून ती आत गेली आणि थबकली. जेवणाचं टेबल दिसतच नव्हतं. उघड्या पट्ट्या, तारांचे गुंते, डाख द्यायची सळई, आणि तिच्याकडे होती तसलीच एक पांढरी डबी, पोट फाडलेली. कारखानाच काढला होता मेल्याने.

ओट्यावर कॉफीचं यंत्र गरम होतं. त्याची वायर आणि भिंत यांच्यामध्ये एक जाडजूड पांढरं बटण होतं. आउनेने हातमोजा काढला. याची नजर माझ्या घरात, तर माझा हात याच्या घरात. तिने बटण दाबलं. यंत्राची घरघर थांबली.

मान वर केली तर समोर खिडकी, शेत, आणि पलीकडे तिचं स्वतःचं अंधारं घर. तिथे काचेत आत्ता एक पिवळा ठिपका होता. तो विझला.

तिने बटण पुन्हा दाबलं. ठिपका उजळला. पुन्हा दाबलं. विझला. मग एकदाच दाबून तिने हात मागे घेतला.

दार उघडलं. ऑर्वो लाकडं घेऊन आला आणि दाराजवळच्या स्टुलावर बसला, लाकडं मांडीवर तशीच. मग पाय ओढत दोन पावलं चुलीपाशी आला आणि तिथल्या खुर्चीत पुन्हा बसला. बुटांसकट. या घरात बूट घालून कुणी पायपुसण्याच्या पुढे आलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं.

वाटेत जुळवलेली भांडणाची वाक्यं तिने सोडून दिली.

"तू कॉफी लावलीस की माझ्याकडे उजेड पडतो," ती म्हणाली.

"हं."

"कधीपासून दुखतंय?"

"दुखत नाही. घेरी येते." त्याने लाकडं खाली ठेवली. "हरणांच्या हंगामापासून. मार्लीनला कळू देऊ नकोस, आई. ती मलाच नेऊन टाकेल त्या नदीवाल्या खोलीत."

आउने हसली नाही.

"पण ती डबी नीट चालत नाही," तो म्हणाला. "मंगळवारी मी इथेच पडलो होतो, चुलीपाशी. कॉफी लावायच्या आधीच. म्हटलं, आज उजेड नाही, म्हातारी येईल शिव्या देत. ऊन खिडकीतून आत आलं तेव्हा मीच कसाबसा उठलो." त्याने टेबलाकडे हात केला. "तेव्हापासून सगळं उसकटून बसलोय. माझंच काहीतरी चुकतंय. आणि आज बघ, तुझ्या खिडकीत दिवा आपोआप लागला."

आउनेने आपल्या हाताकडे पाहिलं. घाईत धुवायचा राहिला होता.

ती त्याच्यापुढे गुडघ्यावर बसली आणि त्याच्या बुटाची गाठ सोडू लागली.

"आवर तो पसारा," ती खाली बघतच म्हणाली. "तुझं काही चुकलेलं नाही."

"तुला काय माहीत?"

काळ्या ओल्या नाडीवर तिच्या नखांतलं पांढरं पीठ उमटत होतं. ऑर्वोने त्या पिठाकडे पाहिलं, मग टेबलावरच्या पोट फाडलेल्या डबीकडे. आणि त्याने दुसरा पाय पुढे केला.