पाणबुड्याचं कोपर

सगीरा दुकानात आली तेव्हा मी एका स्कूटीची ट्यूब पाण्याच्या टबात दाबून बुडबुडे शोधत होतो. एरवी ती रस्त्यावरूनच हाक मारते, "काका, चहा झाला का?" त्या दिवशी हाक नाही. सरळ आत आली. एका पायात तिची चप्पल होती, दुसऱ्या पायात तिच्या आईची.

"तुमची पेटी घ्या आन् वर चला."

"कोणाची गाडी?"

"गाडी नाय. भाईचे बाहुले."

मी ट्यूब तशीच टबात सोडली आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, संध्याकाळी ये. तो कुरकुरत गेला.

शहागंजात घड्याळाच्या मनोऱ्यामागं माझं पंक्चरचं दुकान आहे. दुकानाला लागूनच चांदपाशांच्या घराचा जिना वर जातो. चांदपाशा जाऊन आता सहा वर्षं झाली. वर त्यांची बायको जोहराबी आणि मुलगी सगीरा, दोघीच राहतात. मुलगा हबीब आठ वर्षांपूर्वी बापाशी भांडून दुबईला गेला. बापाच्या मयतीला त्याला येता आलं नाही. रजा मिळाली नाही म्हणाला. जोहराबीनं ते मनात धरलं आणि तेव्हापासून त्याचं नाव तोंडातून काढलं नाही. फोन वाजला की ती उठून न्हाणीत जायची.

भावाबहिणीत मात्र एक धागा राहिला होता, तो म्हणजे ते बाहुले. दीड वीत उंचीचे अकरा बाहुले. प्रत्येकाच्या अंगात खऱ्या रबराचा सूट, हुबेहूब माणसासारखा, कोपराला आणि गुडघ्याला सुरकुत्यासुद्धा. हबीबनं पहिल्या पगारापासून एकेक मागवून जमवलेले. जाताना ते काचेच्या कपाटात उभे करून सगीराच्या हवाली केले आणि दाराच्या आतून कागद चिकटवला. ऊन नको. तेल नको. सहा महिन्यांनी पावडर. हातपाय सरळ. एकाचं रबर दुसऱ्याला लागू द्यायचं नाही. दर महिन्याला सगीरा कपाटाचा फोटो पाठवायची आणि तो लिहायचा, तिसऱ्याची मान थोडी कलली आहे, नीट कर. इतकंच त्यांचं बोलणं. पण चालू होतं.

जिना चढताना सगीरानं सांगितलं, "सकाळी फोन आला. मुंबईला उतरलाय. टॅक्सीनं येतोय, साडेपाचला पोचल. बाहुले घेणार आन् त्याच टॅक्सीनं परत. तिकडं घर घेतलंय त्यानं. आता तिकडंच मांडणार."

"राहणार नाय?"

"घर तुम्ही कधी माझं ठेवलंच नाय, निदान बाहुले तरी नीट ठेवले असतील, असं म्हणला. मी म्हणलं, ये, बघ. मग कपाट उघडलं." ती पायरीवर थांबली. "काका, हे बघून तो गेला ना, तर पुन्हा यायचा नाय. फोटो तरी कशाचे पाठवू मी?"

दुपारचा दीड वाजला होता. मे महिना. लाईट गेलेली.

कपाटाचं दार उघडलं आणि वास आला. तो मी लगेच ओळखला. खालच्या, काचेतून न दिसणाऱ्या कप्प्यात घडी केलेल्या दोन शाली होत्या आणि त्यांच्या घड्यांत डांबरगोळ्या. वरच्या दोन कप्प्यांत बाहुले. त्यांच्या पायाखालच्या प्लास्टिकच्या बैठका मऊ होऊन कडेला वितळल्या होत्या. सुटांवर घामासारखा चिकटा आला होता. नऊ बाहुले सावरण्याजोगे होते. मधले दोन तसे नव्हते. काळ्या सुटातल्या पाणबुड्यानं पांढऱ्या सुटातल्या अंतराळवीराच्या खांद्यावर हात टाकलेला, आणि तो हात तिथंच चिकटलेला. कोपर वाकलेलं, आणि बाहेरच्या बाजूला बारीक चिरा पडायला लागलेल्या.

"गोळ्या कोणी ठेवल्या?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"विचारा तिला," सगीरा म्हणाली.

जोहराबी पलंगावर सुपारी कातरत बसली होती. मान वर केली नाही. "शालां को कसर लगी थी. कपाट अच्छा बंद होता. रख दी."

"अम्मी, त्या कपाटात काही ठेवू नको म्हणून मी कितींदा सांगितलं?"

"मेरेकू क्या मालूम गुड्डों को गोळी लगती."

"पण डांबरगोळ्याच कशाला? लवंगा ठेवायच्या. कोणी सांगितलं तुला?"

अडकित्ता थांबला. जोहराबीनं माझ्याकडं पाहिलं, फार नाही, एवढंसं, आणि परत सुपारीला लागली. "कोई तो बी बोल्या."

मला सगळं आठवलं. यंदाची ईद झाल्यावर काही दिवसांनी ती जिन्यातून ओरडली होती, पुंजारामभाई, कपाट में कसर हुई, क्या डालूं? आणि मी मान न वळवता म्हणालो होतो, टाका चार डांबरगोळ्या. कुठलं कपाट, हे विचारलं नव्हतं. चाळीस वर्षं रबरात हात घालून बसलेला माणूस. डांबरगोळीच्या वाफेनं रबर चिकट होतं, म्हणून माझ्या दुकानात ट्यूबांच्या फळीवर मी आयुष्यात कधी डांबरगोळी ठेवली नाही.

सांगायला हवं होतं. मी पेटी उघडली.

सगीरा हात पुढं करत म्हणाली, "हळू ओढून बघू का?"

"हात लावू नको. ओढलं तर सूट सोलून निघंल."

उन्हाळ्यात ट्यूबा एकमेकींना चिकटतात तेव्हा मी त्या थंड करतो. गार रबर आपली पकड सोडतं. मग मधे संगजिऱ्याची भुकटी सोडायची आणि धीरानं वेगळं करायचं. पण इथं अडचण होती. गार रबर ताठ होतं, आणि ताठ झालेलं वाकलेलं कोपर हलवलं की फाटणारच. खांदा गार हवा आणि त्याच्यापासून तीन बोटांवरचं कोपर गरम हवं.

"बर्फ आण," मी सगीराला म्हणालो. "सरबतवाल्याकडून. आन् घरातला कापूस."

ती धावत गेली. खोलीत आम्ही दोघंच उरलो. जोहराबी म्हणाली, "तुमारा नाम लेती तो वो तुमकू बी नहीं छोडती."

"भाभी, मीच सांगतो तिला."

"पैले काम करो."

बर्फ आला. मी त्याचे खडे पिशवीत बांधून खांद्याच्या जोडावर धरले. पाणी आत जाऊ नये म्हणून भोवती कापूस लावला. मग म्हणालो, "कोपर कोणीतरी मुठीत धरा. ऊब राहिली पाहिजे. दाबायचं नाय, नुसतं धरायचं."

सगीराचे हात बर्फानं गार पडले होते. तिनं आईकडं पाहिलं. जोहराबीनं अडकित्ता ठेवला, पदराला हात पुसले आणि येऊन बसली. पाणबुड्याचं कोपर तिनं तळहातात घेतलं, जसं चिमणीचं पिल्लू घेतात.

अडीच वाजले. तीन वाजले. पंखा नाही, खिडकी बंद, कारण पश्चिमेचं ऊन थेट कपाटावर येतं. माझा घाम नाकाच्या शेंड्यावर यायचा आणि मी मान वळवायचो, बाहुल्यावर पडू नये म्हणून. बर्फ संपला की सगीरा पुन्हा खाली जायची. चौथ्यांदा सरबतवाल्यानं विचारलं म्हणे, घरात लगीन आहे का?

साडेतीनला मी शिवणाचा दोरा भुकटीत लोळवला आणि दोन्ही रबरांच्या मधे सरकवला. इकडून ओढ, तिकडून ओढ. दाण्याएवढं सुटलं. भुकटी. परत बर्फ. परत दोरा. ब्लेड लावलं असतं तर दहा मिनिटांत झालं असतं आणि दोघंही गेले असते.

"हे दोघं असे जवळ कशाला उभे केले?" मी दोऱ्यावरची नजर न काढता विचारलं. "कागदावर तर लिहिलंय."

सगीरानं भुकटीचा डबा माझ्याकडं सरकवला. "मीच केले. ईदला. सगळे सुटे सुटे उभे असतात, म्हणलं एक फोटो असा पाठवावा. मग परत वेगळे करायचे राहिले. रोज बघायचे आन् वाटायचं, राहू दे आजचा दिवस."

"और मेरेकू बोलती," जोहराबी म्हणाली. पण आवाजात धार नव्हती.

पाच वाजून गेले तेव्हा बोटभर चिकटलेला भाग उरला. मग अर्धं बोट. मी म्हणालो, "भाभी, आता खांदा सुटला की हात आपोआप थोडा खाली येईल. त्याला येऊ द्या. अडवू नका, ओढूही नका."

दोरा शेवटचा सरकत होता आणि खाली हॉर्न वाजला. लांब, दोनदा. मग आवाज आला, "सगीरा." आठ वर्षांनी आला तरी जोहराबीला ओळखायला तो पुरेसा होता. तिचा हात थरकला.

फार बारीक आवाज झाला. फुगा फुटत नाही, नुसता सुस्कारतो, तसा.

हात खांद्यावरून सुटला होता. आणि कोपरावर गव्हाच्या दाण्याएवढी फट पडली होती.

"या अल्ला," सगीरा पुटपुटली. लगेच उठली. "हात मागं वळवून उभा करू. फट भिंतीकडं. आज नाय कळणार."

"तिकडं गेल्यावर कळंल."

"तिकडचं तिकडं."

जिन्यावर पावलं वाजत होती. मी सोल्युशनची नळी उघडली. ट्यूबचा पातळ तुकडा हरभऱ्याएवढा कातरला, कडा घासल्या, काडीच्या टोकानं सोल्युशन लावलं.   तुकडा फटीवर बसवला आणि हबीब दारात उभा राहिला.

केस कानांजवळ पांढरे झाले होते. हातात मोठी रिकामी बॅग, तिच्यातून फुगेवाला प्लास्टिकचा कागद बाहेर आलेला. "सलाम, काका," तो म्हणाला. आईकडं पाहिलं नाही. तिनंही नाही. तो दोन पावलं आत आला आणि थबकला.

"डांबर," तो म्हणाला.

"मैं रखी," जोहराबी म्हणाली. सहा वर्षांतलं त्याच्याशी पहिलं बोलणं, तेही भिंतीकडं तोंड करून.

"त्यांनी ठेवल्या, पण सांगितल्या मी," मी म्हणालो. "कपाट कोणतं हे न विचारता. चूक माझी आहे, हबीब. दुपारपासून यांच्यापाशी बसलोय आन् आत्ता सांगतोय, ही दुसरी."

सगीरा माझ्याकडं बघत राहिली. हबीब कपाटापुढं बसला. एकेक बाहुला पाहिला, हात न लावता. वितळलेल्या बैठका पाहिल्या. अंतराळवीराच्या पांढऱ्या खांद्यावर पाणबुड्याच्या हाताचा काळा डाग उमटला होता, पाचही बोटं मोजता येतील असा.

"हा निघणार नाही," तो म्हणाला.

"नाय निघणार," मी म्हणालो. "रबरात मुरलाय."

"मी उभं केलं होतं त्यांना तसं," सगीरा म्हणाली.

"माहीत आहे. फोटो आला होता." हबीब म्हणाला. "मी तेव्हा लिहायला पाहिजे होतं, वेगळे कर म्हणून. दर वेळी लिहितो. त्या वेळी नाही लिहिलं."

खाली हॉर्न वाजला. हबीबनं घड्याळ पाहिलं, बॅगेची चेन उघडली, प्लास्टिक पसरलं. नऊ जण त्यानं एकेक करून गुंडाळून बॅगेत ठेवायला घेतले. पहिला झाला. दुसरा झाला. जोहराबी तशीच बसून होती, तळहात उघडा, त्यावर पांढरी भुकटी. चौथ्यानंतर त्यानं पाणबुड्याकडं हात नेला.

"थांब," मी म्हणालो. "सोल्युशन ओलं आहे."

"किती वेळ लागेल?"

मी सगीराकडं पाहिलं नाही. जोहराबीकडंही नाही. "चोवीस तास."

हबीबचा हात हवेत राहिला. हा पोरगा दहा वर्षांचा होता तेव्हा शाळा सुटली की माझ्या दुकानात बसायचा. ठिगळ बसवलं की अंगठ्यानं दाबायचा आणि किती वेळ ते मोठ्यानं मोजायचा. मोजायला मीच शिकवलं होतं.

"चोवीस तास, काका?" तो हळू म्हणाला.

"जुनं रबर आहे. डांबर पिऊन बसलंय. घाई केली तर कोपर कायमचं जाईल."

  हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी नुसता वाजतच राहिला. हबीबनं पाणबुड्याच्या कोपरावरचं हरभऱ्याएवढं ठिगळ पाहिलं. मग आईचा हात पाहिला. मग उठला, खिडकी उघडली आणि खाली वाकून म्हणाला, "भैया, तुम जाओ. कल दोपहर को आना." थोडं थांबून परत म्हणाला, "नहीं, मैं फोन करूंगा."

मी पेटी आवरली. मला कोणी थांब म्हणालं नाही, आणि ते बरंच झालं. दारातून वळून पाहिलं तेव्हा जोहराबी शाली कपाटातून बाहेर काढत होती आणि कोणाकडंच न बघता विचारत होती, "अब ये कहां रखूं?" आणि हबीब आपली बॅग रिकामी करत होता.

खाली स्कूटीवाला पायरीवर वाट बघत बसला होता. ट्यूब टबात तशीच होती. मी छिद्र शोधलं, घासलं, सोल्युशन लावलं.

"काका, वाळायला किती वेळ?" त्यानं विचारलं.

वरची खिडकी उघडी होती. मी आवाज खाली आणला.

"दहा मिनिटं."