घामाखाली लपलेली भूक

मित्रांनो, मी जुनी आहे, पण कुणाला दिसत नाही. माझं नाव तंतुकणिका, इंग्रजीत मायटोकॉन्ड्रिया. काच फुंकणाऱ्या एका कारागिराच्या मेंदूतल्या पेशीत मी राहते. कारखान्यात सगळे त्याला उस्ताद म्हणतात. आमचं घराणं त्याला आईकडून मिळालं. वडिलांचा त्यात काडीचाही वाटा नाही, हे मी जरा मिरवूनच सांगते.

खाल्लेल्या अन्नातून रक्तात ग्लुकोज नावाची साखर येते. पेशीत शिरल्यावर आधी तिचे दोन तुकडे होतात. त्यातून चिमूटभर ऊर्जा मिळते, पण तेवढ्याने कुणाचं भागतंय? मग ते तुकडे माझ्याकडे येतात. श्वासातल्या ऑक्सिजनच्या मदतीने मी ते टप्प्याटप्प्याने जाळते. ना धूर, ना ज्वाळा. त्या ऊर्जेतून एटीपी नावाचे बारीक कण तयार होतात आणि ते खर्चून पेशी काम करते. उरतं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. उस्ताद फुंकणीत श्वास सोडतो, त्यात माझ्या भट्टीतला हा वायूही असतो. पण कौतुक होतं ते त्याच्या छातीचं! असो.

मेंदूत साखरेचा साठा जवळजवळ नसतोच. आमचं सगळं हातावर पोट.

उस्तादला मधुमेह आहे. जेवणाआधी तो इन्सुलिन टोचून घेतो. त्याने रक्तातली साखर उतरते, म्हणून मागोमाग जेवावंच लागतं. त्या दुपारी सुई टोचून झाल्यावर तो डबा उघडणार, तोच भट्टीवाल्याची हाक आली, "उस्ताद, काच तयार आहे!" मोठ्या बरणीचं काम होतं. भट्टीतून काढलेली काच अर्धवट टाकणं म्हणजे या लोकांत नाक कापून घेणं. उस्ताद तसाच उठला.

थोड्याच वेळात माझ्याकडे येणारे तुकडे कमी झाले. मग आणखी कमी. शेजारच्या पेशी मंदावू लागल्या आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. शरीराने आपल्या परीने धोक्याच्या खुणा केल्या: घाम, थरथर, चिडचिड. पण भट्टीसमोर घामाकडे कोण बघतो?

"उस्ताद, हात कापतोय तुमचा. बसा जरा," भट्टीवाला म्हणाला.

"मला शिकवू नकोस! बाजूला हो!"

उस्ताद असा कधी बोलत नसे. फुंकणीच्या टोकाला लालबुंद काच लोंबू लागली. त्याचे पाय लटपटले. भट्टीवाल्याने फुंकणी हिसकावून घेतली, तशी बरणी फरशीवर पडून फुटली. उष्णतेने चक्कर आली की मीठपाणी पाजायचं, ही तिथली रीत. त्याने उस्तादला बसवून पेलाभर मीठपाणी पाजलं. आजार रेड्याला आणि औषध पखालीला! साखर द्या रे, साखर! पण मला आवाज कुठला?

इतक्यात उस्तादची लेक धावत आली. पलीकडच्या खोलीत ती पेले कागदात गुंडाळते. बाबांचा डबा भरलेलाच बघून ती त्यांना शोधत होती. तिने त्याच्या मानेला हात लावला.

"काका, अंग गार पडलंय यांचं! हा भट्टीचा घाम नाही."

चहाच्या टेबलावरची साखर तिने पाण्यात ढवळली. "बाबा, माझ्याकडे बघा. प्या. हं, गिळा."

त्याने घोट घेतला. मित्रांनो, घोट घशाखाली उतरला म्हणजे साखर लगेच मेंदूत पोचत नाही. आधी पोट, मग आतडं, मग रक्त. मी जीव मुठीत धरून बसले होते. शेवटी तुकडे येऊ लागले आणि मी त्यांच्यावर अधाशासारखी तुटून पडले.

"बरणी?" उस्तादने डोळे उघडून विचारलं.

"फुटली," भट्टीवाला म्हणाला. "दुसरी काच काढू का?"

उस्तादने लेकीकडे पाहिलं. रडत रडत ती डब्याचं झाकण उघडत होती.

"राहू दे," तो म्हणाला. "आधी जेवतो."

मित्रांनो, आम्हाला हाक मारता येत नाही. तुमच्या घरात कुणी इन्सुलिन घेत असेल आणि ते माणूस उगाच तुमच्यावर खेकसलं, तर रुसून बसू नका. जवळ जा, अंगाला हात लावा आणि विचारा, जेवलात का?