एका पेटीत दोन नळ्या

या मित्रांनो, जवळ येऊन बसा. नाकाला रुमाल लावायचा तर खुशाल लावा, पण कथा पुरी ऐकून मगच उठा. मी एक जुनी मैलापाण्याची नळी आहे.

तारेच्या वेटोळ्यांवर प्लास्टिकचे जाड तपकिरी कातडे चढवून मला घडवले. अमेरिकेतल्या आयोवाच्या हार्लनने मला घेतले, तेव्हा तो नुकताच शेती सोडून बायकोला, आर्डिसला घेऊन गाडीमागे राहण्याचा ट्रेलर, म्हणजे चाकांवरचे घर, जोडून हिंडू लागला होता. मुक्कामाला पोचले की माझे एक टोक ट्रेलरच्या टाकीला, दुसरे जमिनीतल्या गटाराच्या तोंडात. आधी संडासाची टाकी सोडायची, मागून न्हाणीचे साबणाचे पाणी, म्हणजे मीही आतून धुऊन निघे. मग दोन्ही तोंडांना टोपणे लावून हार्लन मला मागच्या पोकळ बंपरमध्ये सरकवी. पिण्याच्या पाण्याची पांढरी नळी मात्र पुढच्या पेटीत असे. अकरा वर्षांत आम्हा दोघींची गाठ पडली नाही, आणि तेच बरे होते. "हिच्यासारखी चाकरी कुणी केली नाही," असे हार्लन मला धुताना म्हणे. तेवढ्यावर मी वर्ष काढी.

पुढे आर्डिसला कॅन्सर झाला. देवाच्या कृपेने ती उठली, पण औषधांनी अंग एवढे हळवे झाले की डॉक्टरांनी बजावले, पाण्यातला बारीकसा जंतूही हिला झेपणार नाही.

त्या हिवाळ्यात आम्ही टेक्सासच्या किनाऱ्याकडे निघालो. तिथल्या ट्रेलरवाल्यांच्या तळावर रविवारी देवाची गाणी होत, आणि आर्डिसला वर्षभराने पुन्हा चारचौघांत उभे राहून गायचे होते. वाटेत धक्क्यांनी बंपरचे झाकण कुठेतरी पडले. पेट्रोल भरताना हार्लन पाहतो तो मी अर्धी बाहेर लोंबत होते. नवे झाकण मिळेना आणि उशीर तर होत होता. आजच्या दिवसापुरते, असे पुटपुटत त्याने मला पुढच्या पेटीत, पांढऱ्या नळीच्या अंगावर कोंबले.

मित्रांनो, तो प्रवास मी कसा काढला ते त्या वरच्यालाच ठाऊक. माझे एक टोपण सैल होते. पहिल्याच वळणावर ते निसटले. दर धक्क्याला मी तिच्याकडे घसरे. अंग चोरावे म्हटले, तर नळीला अंग चोरता येते थोडेच? माझ्या तोंडातले थेंब तिच्या तोंडाशी ओघळू लागले. देवा, मला वाळव, मला फाडून टाक, पण त्या माउलीच्या पेल्यात मला पोचवू नकोस, असा मी धावा करीत राहिले.

तळावर पोचताच हार्लनने मला जमिनीवर टाकले आणि पांढरी नळी नळापासून ट्रेलरला जोडली. तेवढ्यात शेजारच्या ट्रेलरमधली मॅव्हिस मक्याचा पाव घेऊन आली. रविवारची गाणी तीच उचलून धरी. तिने उघडी पेटी पाहिली, मग मला पाहिले. तळावरचा रिवाज असा, की विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या सामानात नाक खुपसायचे नाही. आपल्या खुर्चीत बसून मनातल्या मनात हसायचे. मॅव्हिसने पाव पायरीवर ठेवला.

मग म्हणाली, "बंधू हार्लन, राग आला तर येऊ द्या. या दोघी एकाच पेटीतून निघाल्या का?"

"एका दिवसाचा तर प्रश्न होता. टोपण आहे की तिला."

"टोपण पेटीच्या तळाशी पडलंय. तिच्या तोंडाला काही नाही."

आतून आर्डिसचा आवाज आला, "हार्लन, गोळ्यांची वेळ झाली रे. पाणी घेते मी."

हार्लनचे गुडघे दुखरे, पण तीन पायऱ्या तो एका ढांगेत चढला. मी बाहेर कान देऊन पडले होते. पेला फुटल्याचा आवाज आला.

"गोळी अजून हातातच आहे माझ्या, पाण्याचा घोटही घेतला नाही," आर्डिस म्हणाली. "आता जरा श्वास घे, नाहीतर तुझीच सेवा करायची वेळ यायची माझ्यावर."

हार्लन पायरीवर बसून रडला. पांढरी नळी त्याच दिवशी कचऱ्यात गेली. तिचा बिचारीचा काय दोष? ट्रेलरचे सगळे पाइप औषध घालून धुतले, तोवर मॅव्हिस स्वतःच्या ट्रेलरमधले पाणी आणून देत होती. मला मागे, झाकणाची स्वतंत्र पेटी मिळाली. रविवारी आर्डिस कापऱ्या आवाजात गायली, ते मी तिथूनच ऐकले.

मित्रांनो, घाण वाहण्यात कमीपणा नाही. पण ज्याची जागा त्याला द्या, आणि निघण्याआधी टोपण एकदा हाताने चाचपून पाहा.

पुढच्या हिवाळ्यात मॅव्हिसची जागा रिकामी होती; ती देवाघरी गेली होती. संध्याकाळी देवापुढे हात जोडाल, तेव्हा तिचे नाव घ्या. तिला रिवाजापेक्षा शेजारीण मोठी वाटली होती.