तांड्यात धुतलेला रोल

ग्रामसभेत रंजिताने मोबाईल वर धरून फोटो दाखवले, तेव्हा पहिल्यांदा हसला तो विक्की.

विक्की मुरमाचा ठेकेदार. रस्त्याच्या कामासाठी त्याला टेकडीपलीकडच्या गटातून मुरूम काढायची परवानगी होती. पण त्याचं पोकलेन महिनाभर तांड्याच्या पाझर तलावाच्या पाळीखाली चालत होतं, कारण तिथून काम जवळ पडायचं. पाळीचा पाया उघडा पडला होता. तलाव भरला आणि पाळ फुटली तर पाणी कुठे येईल, हे तांड्यातल्या चाळीस घरांना कळत होतं. बोलत मात्र कुणी नव्हतं. बोलली ती पिठाची गिरणी चालवणारी रंजिता.

‘साहेब, हे फोटो एआयचे हायेत,’ विक्की मंडळ अधिकाऱ्यांना म्हणाला. ‘पाच मिनिटात बनते आजकाल. म्हणसान तर तुमचा चंद्रावरचा फोटो बनवून देतो.’

सभा हसली. मंडळ अधिकारी, ज्यांना सगळे सर्कल साहेब म्हणत, तेही हसले. ‘बाई, मी दोनदा येऊन पाहिलं. दोन्ही वेळा तिथे मशीन नव्हती. आणि मोबाईलच्या फोटोवर आता कोणी विश्वास ठेवत नाही.’

साहेब येणार असले की मशीन आदल्या दिवशीच टेकडीपलीकडे जात असे. रंजिताने तेही सांगितलं. तांड्याचे नाईक देवसिंग मान खाली घालून बसून राहिले. घरी जाताना सासू सुखीबाई तिच्या शेजारून चालत होती. ती म्हणाली, ‘हसू दे त्यायले. पण तू गप बसशीन, तर मीच बोलीन आता.’

दोन दिवसांनी रंजिता यवतमाळला गिरणीचा पट्टा घ्यायला गेली. पट्टा घेऊन परत येताना एका गल्लीत तिला पाटी दिसली: ‘पंचफुला फोटो. रोलचे कॅमेरे, रोल, धुलाई. मोबाईलवाल्यांनी आत येऊ नये.’

रंजिताच्या हातात मोबाईल होता. ती आत गेली.

दुकान लांबट, अरुंद होतं. दोन्ही भिंतींना काचेची कपाटं आणि कपाटांत ओळीने कॅमेरे, जुने पण पुसून चकचकीत केलेले. काउंटरमागे साठीपुढची एक बाई पांढऱ्या साडीत बसली होती आणि बारीक पेचकसाने एका कॅमेऱ्याचं पोट उघडत होती. समोर कॉलेजच्या दोन मुली रोल घेऊन निघाल्या होत्या.

‘पाटी वाचता येत नाई काय?’ बाईने मान वर न करता विचारलं.

‘येते. म्हणूनच आली.’

पंचफुलाबाईंनी पेचकस खाली ठेवला. रंजिताने सगळं सांगितलं, तलाव, पोकलेन, एआय, हसणं. मग विचारलं, ‘तुमच्या रोलचा फोटो खोटा आहे असं म्हणता येते काय?’

‘लोक काहीही म्हणतात. माझ्या लग्नाच्या आधीपासून म्हणून राह्यले.’ पंचफुलाबाईंनी मागच्या भिंतीवरच्या एका काळ्यापांढऱ्या फोटोकडे बोट दाखवलं. त्यात एका वस्तीतलं लग्न होतं, मागे बुद्धांची तसबीर, पुढे पांढऱ्या कपड्यांतले नवरानवरी. ‘आमच्या वस्तीत फोटोवाला येत नव्हता. गावातल्या स्टुडिओत आमचा नंबर लागता लागत नव्हता. बाबा म्हणाले, नाई येत तर राहू दे, तूच शिक. हा माहा पहिला रोल. लोक म्हणाले, पोरीनं काढला म्हणजे कोरा निघन. छत्तीसपैकी एकतीस आले.’

‘मले शिकवा.’

‘कॅमेरा शिकायले महिना लागते.’

‘मायाजोळ आठ दिवस हायेत. पुढच्या गुरुवारी पुन्हा सभा हाय.’

पंचफुलाबाईंनी तिला थोडा वेळ न्याहाळलं. मग कपाटातून एक जड, काळा कॅमेरा काढला. रोल कसा भरायचा, उजेड कसा पाहायचा, रिंग कुठे फिरवायची, श्वास कधी रोखायचा, हे त्यांनी दुपारभर शिकवलं. रिकाम्या कॅमेऱ्यावर रंजिताने शंभरदा तरी बटण दाबलं असेल. गिरणीत जात्याचा दगड नेमका बसवायची सवय असल्याने तिचा हात हलत नव्हता. पंचफुलाबाईंच्या ते ध्यानात आलं.

निघायच्या वेळी रंजिता दारात थांबली. ‘मावशी, मी रोल तुम्हाले आणून देईन, तुम्ही धुसान. मग विक्की म्हणन, दुकानात बनवला.’

‘म्हणन.’

‘मग त्याच्यासमोरच धुवा. आमच्या तांड्यात. सभेत.’

‘वेडी झाली काय तू? पन्नास वर्षांत मी दुकानाबाहेर रोल धुतला नाई. धूळ, ऊन, पाणी...’

‘पाणी आमच्याजोळ हाय. तलाव राह्यला तर पुढंही राहीन.’

पंचफुलाबाईंनी तो काळा कॅमेरा तिच्याकडे सरकवला. मग त्यांनी काउंटरखालून रोलचं एक बंद पाकीट काढून तिच्या हातात ठेवलं. ‘हे इथं फोडू नको. त्या साहेबाच्या टेबलावर फोड. त्याच्यासमोर रोल भर, मागच्या झाकणावर चिकटपट्टी लाव आणि तिच्यावर त्याची सही घे. अन् पहिला फोटो त्याचाच काढ.’

दुसऱ्या दिवशी कचेरीत रंजिताने टेबलावर पाकीट फोडून रोल भरला, तेव्हा सर्कल साहेबांना गंमत वाटली. ‘सहीला काय जातं,’ म्हणत त्यांनी चिकटपट्टीवर सही केली, तारीख टाकली आणि चहाचा कप हातात धरून फोटोसाठी सरळ बसले. रंजिताने श्वास रोखून बटण दाबलं.

पुढच्या चार दिवसांत तिने रोज सकाळी गिरणी उशिरा उघडली. पाळीवरच्या बाभळीआडून तिने पोकलेन टिपलं, मुरूम भरणारा टिप्पर टिपला, उघडा पडलेला पाया टिपला. पाचव्या दिवशी मात्र ती आडून निघून सरळ खाली उतरली. टिप्परचा नंबर लांबून नीट दिसत नव्हता. सुखीबाई तिच्यासोबत होती. तिने आरशांची चोळी, फेटिया घागरा, हस्तिदंती रंगाच्या बांगड्या असा सगळा ठेवणीतला पेहराव घातला होता.

‘याडी, टिप्परपुढं उभी राह्य,’ रंजिता म्हणाली. सासूला ती आईच म्हणायची.

सुखीबाई चाकाला टेकून उभी राहिली. ड्रायव्हर ओरडला. दोन मिनिटांत विक्कीची माणसं मोटरसायकलवर आली. त्यांतल्या एकाने आधी रंजिताचा मोबाईल हिसकला आणि त्यातले फोटो पुसले. मग त्याने कॅमेरा उलटासुलटा करून पाहिला.

‘फोटो कुठं दिसते यात?’

‘नाई दिसत.’

‘मग?’

‘मग काई नाई. जुना हाय.’

‘डब्बा हाय बे हा,’ तो हसत सोबत्याला म्हणाला आणि कॅमेरा तिच्या अंगावर टाकला. चिकटपट्टी शाबूत होती. रंजिताने कॅमेरा डोळ्याला लावला.

‘आता काय करून राह्यली?’

‘तुहा काढते. हाल नको.’

गुरुवारी पंचफुलाबाई दारव्ह्यापर्यंत एसटीने आणि तिथून जीपने आल्या. सोबत एक मोठी पिशवी. समाजमंदिरात सभा भरली होती. सर्कल साहेब, ग्रामसेवक, देवसिंग नाईक, विक्की, सगळे होते. पंचफुलाबाईंनी टेबलावर एक झाकणाचा काळा डबा, तीन बाटल्या, एक थर्मामीटर आणि दोन्ही बाजूंना बाह्या असलेली, आत उजेड न जाणारी काळी जाड थैली मांडली.

‘माठाचं पाणी आणा,’ त्या म्हणाल्या. ‘नळाचं नको, गरम असते.’

पाच घरांतून पाच माठ आले. पंचफुलाबाईंनी एकेकात थर्मामीटर बुडवून पाहिला आणि सुखीबाईचा माठ निवडला.

विक्की उठून उभा राहिला. ‘साहेब, हे काय जादूचे प्रयोग हायेत? सभेचा वेळ चालला.’

‘सही माझी आहे का ते तर पाहू द्या,’ सर्कल साहेब म्हणाले. त्यांनी चिकटपट्टी नीट निरखली. सही त्यांची होती, कुठे फाटली नव्हती. पंचफुलाबाईंनी कॅमेऱ्यावरची दांडी फिरवून रोल आत गुंडाळून घेतला. साहेबांनी स्वतः ब्लेडने पट्टी कापली. रोल, काळा डबा आणि लुगड्याचा एक तुकडा थैलीत गेले, थैलीची चेन लागली. मग पंचफुलाबाईंनी कोपरापर्यंत दोन्ही हात बाह्यांत घातले.

हे काम दोन मिनिटांचं, असं त्या रंजिताला म्हणाल्या होत्या. पाच मिनिटं झाली. समाजमंदिरात पंखा नव्हता. पंचफुलाबाईंच्या कपाळावर घाम आला. थैलीच्या आत त्यांची बोटं ओली झाली होती आणि रोल डब्यातल्या चक्रीवर चढताना चिकटून बसला होता. जोर लावला तर तो तिथेच मोडला असता.

‘काय झालं मावशी?’ रंजिताने हळूच विचारलं.

‘काई नाई. उभी राह्य.’

‘निघत नाई वाटते,’ विक्की मोठ्याने म्हणाला. कोणीतरी हसलं.

तेव्हा देवसिंग नाईक पहिल्यांदा बोलले. ‘हसाचं असन तर भाईर जा. बाई काम करून राह्यली.’

हसणं थांबलं. पंचफुलाबाईंनी रोल पुन्हा मागे घेतला, थैलीतच लुगड्याच्या तुकड्याला बोटं पुसली आणि पुन्हा सुरू केलं. थोड्या वेळाने आत डब्याचं झाकण बसल्याचा आवाज आला. त्यांनी हात बाहेर काढले तेव्हा बाह्यांचे वळ कोपरांखाली उमटले होते.

पहिल्या बाटलीतलं औषध डब्यात गेलं. दर मिनिटाला डबा उलटायचा, सरळ करायचा, टेबलावर ठोकायचा. अकरा मिनिटं हे चाललं आणि कोणी जागचं हललं नाही. मग पाणी, मग चित्र पक्कं करायला हायपो, मग पुन्हा माठाचं पाणी. सुखीबाई धार धरून होती.

झाकण निघालं. पंचफुलाबाईंनी ओली, लांब पट्टी दोन बोटांत धरून खिडकीच्या उजेडात वर नेली.

‘साहेब, या. तुम्हीच पाहा.’ त्यांनी भिंग पुढे केलं.

सर्कल साहेब वाकले. पहिल्या चौकटीत ते स्वतःच होते, काळ्या दातांचे, पांढऱ्या केसांचे, हातात चहा. सगळं उलट होतं, पण माणूस ओळखू येत होता. ते एकेक चौकट पुढे सरकत गेले. सात-आठ चौकटी जास्त उजेडाने नुसत्या काळ्या पडल्या होत्या, दोन हलल्या होत्या. मग पोकलेन आलं, मागे तलावाची पाळ, पाळीवर रंगवलेलं तलावाचं नाव. त्यानंतर सुखीबाई, तिच्यामागे टिप्पर.

‘नंबर तर उलटा दिसून राह्यला,’ विक्की मागून डोकावून म्हणाला. ‘कोणता नंबर हाय कोणाले मालूम?’

‘पट्टी फिरवली की सुलटा होते,’ पंचफुलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पट्टी फिरवली.

साहेबांनी नंबर मोठ्याने वाचला. ग्रामसेवकाने लिहून घेतला. पुढच्या चौकटीत मोटरसायकलवरचा माणूस होता, एक हात वर केलेला, दुसऱ्या हातात रंजिताचा मोबाईल. तो माणूस सभेतच विक्कीच्या खुर्चीमागे उभा होता. सगळ्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. तो बाहेर निघून गेला.

‘यात कुठे काही कापलेलं, जोडलेलं नाही,’ साहेब सावकाश म्हणाले. ‘माझ्या टेबलापासून पाळीपर्यंत एकच पट्टी आहे. पंचनामा करू. ही पट्टी मला जमा करा.’

‘नाई,’ रंजिता म्हणाली.

‘मूळ पुरावा शासनाकडे लागेल, बाई.’

‘मूळ इथं राहीन, तांड्यात. मावशी तुम्हाले मोठे फोटो काढून देतीन, म्हणसान तेवढे. परत पाहायचं असन, तर तुम्ही इथं या. आमाले सांगून नका येऊ, अन् त्यायलेही नका सांगू.’

साहेबांनी विक्कीकडे पाहिलं, मग पट्टीकडे. ‘बरं,’ म्हणाले.

पंचनाम्यावर तांड्यातल्या सव्वीस जणांनी सह्या आणि अंगठे केले. पहिली सही देवसिंग नाइकांची होती. संध्याकाळपर्यंत पोकलेन आणि टिप्पर जप्त होऊन तहसीलच्या आवारात उभे होते. ते कायमचे राहिले नाहीत, महिन्याभरात विक्कीने दंड भरून सोडवून नेले. पण त्याआधी पाळीखालचा खड्डा भरून द्यायचा आदेश त्याला निघाला होता आणि तो त्यालाच पाळावा लागला.

खड्डा भरायला आठ दिवस लागले. रोज रंजिता सकाळी तिथे जाऊन उभी राहायची. मुरूम पडला की त्यावर पाणी मारून तो दाबायला लावायची. नुसता ओतलेला ढीग तिने दोनदा परत उकरायला लावला. शेवटच्या दिवशी विक्की स्वतः आला होता. गाडीच्या बॉनेटला टेकून तो चिडक्या आवाजात म्हणाला, ‘झालं न आता? जाय घरी. गिरणी बंद पडली असन तुही.’

‘दोन टिप्पर मुरूम राह्यला अजून,’ रंजिता म्हणाली आणि पाळीवर चढून उभी राहिली.