मेलेल्या झिंग्याचा महाराज

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायची टाकून अख्खं गाव मारुतीच्या पारावर लोटलं होतं. हंडाभर पाण्यासाठी दोन कोस चालणाऱ्या बाया पारावर ठाण मांडलेल्या एका महाराजाच्या काचेच्या बरणीत भक्तिभावानं तांब्या तांब्या पाणी ओतत होत्या. बरणीच्या तळाशी एक खापर आणि वर तरंगणारा झिंगा. मेलेला. मिशा, पाय, डोळे, सगळं जागच्या जागी.

"बघा! सारजाबाईच्या पोरीचा ताप यानं अंगावर घेतला अन् प्राण सोडला," महाराज गरजला. "तीन दिसांत ह्याला उठवतो. हा उठला की पोर उठली! तवर सुई न्हाय, गोळी न्हाय. सुई टोचली की दोघंबी खलास!"

मागं उभी मुक्ताबाई दात खात होती. सारजा तिची धाकटी जाऊ. तिच्या मांडीवरची पोरगी चार दिवस तापानं फणफणत होती, आज डोळेसुद्धा उघडत नव्हती. महिन्यामागं कोंडिबाच्या पोराचं असंच झालेलं. झिंगा उठला, पोरगं उठलं नाही. "भाव कमी पडला," म्हणून महाराजानं कोंडिबालाच झापलं, आणि त्या बापानं मान खाली घातली.

या गावानं झिंगा बघितला तो बाजारात, सुकवलेला, मापट्यानं मोजून घेतलेला. जिवंत झिंगा कोण बघणार? मुक्ताबाईनं बघितला होता. तिचं माहेर भीमेकाठचं.

"सारजे, उचल पोरीला. यष्टी यायची वेळ झाली."

"न्हाय वो अक्का, मरंल ती."

"इथं ठिवलीस तर मरंल!"

सारजा हलेना. मुक्ताबाई गर्दीतून घुसली आणि तिनं सरळ बरणीत हात घातला.

"ए बाई, पाप लागंल!" महाराज किंचाळला.

"लागू दे. तुझ्यापरीस कमीच आसंल." तिनं तो झिंगा पुढंच उभ्या असलेल्या कोंडिबाच्या तळहातावर ठेवला. "दाबा, दादा."

कोंडिबानं दाबला. कागदासारखा चुरला.

"आतलं मास कुठं गेलं? आरं, ही कात हाय! साप टाकतो तशी. झिंगा वाढला की कवच तोकडं पडतं. मग पाठीवर चीर पडती, त्यातनं त्यो भाईर निघतो. नवं अंग लोण्यावानी मऊ, म्हणून दोन-तीन दिस दडून बसतो." तिनं खापर उचललं. खाली झिंगा, चांगला ठणठणीत, मिशा हलवत. "ह्यो बघा मुडदा!"

"लीला हाय ही, लीला..." महाराज पुटपुटला.

कोंडिबा तळहातावरच्या चुऱ्याकडं बघत होता. "मग माझं पोरगं..." एवढंच बोलला.

सारजानं पोरीला खांद्यावर टाकलं आणि ती यष्टीकडं पळत सुटली.

लोहारा गावच्या दवाखान्यात पोरगी वाचली. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर हातची गेली असती. कोंडिबाच्या पोराला वेळेत दवाखान्यात कुणी नेलंच नव्हतं.

झिंगा कात टाकतो, कारण त्याला वाढायचं असतं. त्याला तुमच्या लेकराचा ताप ठाऊक नाही. चमत्कार दाखवणाऱ्याला एवढंच विचारा, "हात घालून बघू का?" नको म्हणाला, तर तिथं क्षणभर थांबू नका. लेकरू उचला आणि दवाखाना गाठा.