कप चंदनाक्काचा, बशी अंबूबाईची

मी एक जुनी टोपी हाय, मित्रांनो. डोक्यावरची न्हवं, किटलीवरची. च्या करून किटलीत ओतला की वरनं मला घालत्यात, म्हंजे तो गार होत न्हाय. कापडाची हाय, पोटात कापूस हाय, शेंड्याला एक गोंडा हाय. आन आधीच सांगून ठेवतो, आमच्या निपाणीकडं बायकाबी 'आलो, गेलो' असंच म्हणत्यात. तवा मी 'बसलो' म्हटलं तर मला गडी समजू नका.

माझं काम एकच, ऊब धरून बसायचं. त्यात माझा हात कुणी धरायचा न्हाय. एकदा किटलीवर बसून मी लोंढ्याला गेलतो. निपाणीत ओतलेला च्या लोंढ्याच्या स्टेशनात असा कडक निघाला, की एका गार्डसाहेबानं फुंकर न मारता घोट घेतला आन त्याच्या मिशा ज्या वर गेल्या त्या अजून खाली आल्या न्हाईत. पटत न्हाय? ऱ्हाऊ दे. मला जरा वाढवून सांगायची खोड हाय. पण जितं वाढवायचं न्हाय तितं मी वाढवणार न्हाय.

मला अंबूबाईनं शिवलं. ती गल्लीतल्या बायकांची झंपरं शिवायची. ल्हानपणी आईसंगं तंबाखूच्या वखारीत बसायची, तितली धूळ छातीत गेली ती गेलीच. जिना चढला की दम, हसलं की दम. आन हसायची तर लई. तिची मैत्रीण चंदनाक्का, जैनांच्या घरातली, तंबाखूच्या व्यापाऱ्याची सून. दोघी शाळेत एका बाकावर बसलेल्या. पोरंबाळं मोठी झाल्यावर दोघींनी पुढं होऊन बायकांचा 'सहेली सेवा क्लब' काढला. चंदनाक्का अध्यक्ष झाली. अंबूबाई म्हणाली, "मला कसलं पद नको बाई. मी च्याचं बघतो."

पहिल्याच शिबिराला च्या गार झाला, म्हातारी माणसं तोंड वाकडं करून प्याली. अंबूबाईनं त्याच आठवड्यात मला शिवलं. वरनं तिच्या आईचं हिरवं लुगडं, आतनं चंदनाक्कानं दिलेली जुनी तांबडी इरकल. म्हंजे बघा, बाहेरनं मी अंबूची आन आतनं चंदनाची. लोकांना नुसतं बाहेरचं दिसायचं.

मग काय विचारता, क्लब जाईल तितं मी. चिकोडीला डोळ्यांचं शिबिर, मी हाय. मराठी शाळंत आन कानडी शाळंत वह्या वाटप, मी हाय. दूधगंगेला पूर आला, गावंच्या गावं शाळंत येऊन ऱ्हायली, तवा मी ट्रॅक्टरवर बसून गेलो. भिजलेली माणसं कप धरायच्या आधी माझ्यावर हात ठेवायची. एक आजी मला उचलून गालाला लावून बसली ती सोडंचना. तिची म्हस वाहून गेलती. त्या दिवशी क्लबनं लई वाटलं, चादरी, बिस्किटं, औषधं. पण त्या आजीला काय पायजे हुतं ते मला कळलं.

चंदनाक्काचा एक नेम हाय. दिवस मावळला की तोंडात काय घ्यायचं न्हाय, पाण्याचा थेंबसुदिक न्हाय. त्यांच्यात जुनी रीत हाय ती, आन ती लई कडक पाळते. कामाच्या नादात तिचं भान सुटायचं, तवा अंबूबाई यायची आन पदर वढायची.

"चंदने, दिवस बुडायलाय. घे आधी."

मग एका च्याच्या दोन वाटण्या व्हायच्या. कप चंदनाक्काचा, बशी अंबूबाईची. कुठल्याबी कामाच्या शेवटाला दोघी कडेला बसून तेवढं प्यायच्या. कुणाशी बोलायच्या न्हाईत. एकमेकीशीबी न्हाईत.

आता भांडणाचं सांगतो. क्लबला कुणीतरी तोटीवाला मोठा स्टीलचा थर्मास भेट दिला. चकचकीत, नवरदेवासारखा. त्या दिवशी फोटो काढायचा हुता. क्लबची सेक्रेटरी क्षमा मोबाईल धरून म्हणाली, "आक्का, टेबलावर ते काय हाय?" चंदनाक्का घाईत हुती, वळूनबी बघितलं न्हाय. म्हणाली, "ते कळकट बोचकं व्हय? बाजूला काढा गं, फोटोत नको."

अंबूबाई तितंच उभी हुती. तिनं मला उचललं, काखंत मारलं आन जिना उतरून गेली. दम लागला तरी थांबली न्हाय. दुसऱ्या दिवशी शेजारच्या शालूबाईकडनं निरोप धाडला, "तुझ्या हातचा च्या आता माझ्या घशाखाली उतरायचा न्हाय."

चंदनाक्का म्हणाली, "एका टोपीवरनं एवढं?" आन तिनंबी हट्ट धरला. पावसाळा तसाच गेला.

मी अंबूबाईच्या पडवीत पडून. तिच्या काळ्या कोंबडीनं मला उलटं केलं, आत बसून बघितलं आन तितंच अंडी घालायला लागली. माझी ऊब अशी, की अंडी उकडलेलीच निघायची, नुसतं मीठ लावायचं. बरं, उकडलेली न्हाय, कोमट म्हणा. मी हसत हुतो मित्रांनो, पण ज्या टोपीनं किटली बघितलीया तिला अंड्याचं काय कौतुक? रोज च्याच्या येळंला अंबूबाई पडवीत येऊन बसायची. कप भरायची, सवयीनं बशीत अर्धा वतायची, मग दोन्ही एकटीच प्यायची.

थंडीत क्लबनं पाहुण्यांचं भाषण ठेवलं. दर महिन्याला असतंयच एक. मागच्या महिन्यात फोनवरनं फसवणाऱ्यांबद्दल झालतं, त्याच्या आधी शुगरबद्दल. ह्या बारीला च्याबद्दल. पाहुणे नागेंद्रराव, मूळचे खानापूरकडचे, जन्म सगळा निलगिरीतल्या च्याच्या मळ्यात गेलेला. त्यांनी फोनवर सांगितलं, "थर्मास नको बरं का. किटलीवर घालायची कापडी टोपी असली तर ठेवा की. मला ती दाखवायची आहे."

चंदनाक्कानं फोन ठेवला. मग चप्पल घातली आन अंबूबाईच्या दारात आली.

"टोपी पायजे हुती," ती उंबऱ्याबाहेरनंच म्हणाली.

"कोंबडीला इचार. आता तिची हाय ती."

"अंबे, मस्करी नको. पाहुणं यायल्यात."

"मग पाहुण्यास्नी कळकट बोचकं दावणार व्हय?"

अंबूबाई उठली, कोंबडीला हाकललं, मला झटकलं आन तिच्या हातात दिलं. "आत हात घालून बघ," म्हणाली.

चंदनाक्कानं मला उलटं केलं. तांबडी इरकल बघितली. तिच्याच लग्नातली. काठावरनं बोट फिरवत ती दारातच खाली बसली.

"मला ध्यानातच न्हवतं गं," ती म्हणाली.

"तुझ्या कुठं काय ध्यानात ऱ्हातंय? दिवस मावळलेला तरी ऱ्हातोय काय?" अंबूबाई हसली आन खोकल्याची उबळ आली. नाकातोंडाशी तो दम्याचा पंप धरून जरा बसली. मग म्हणाली, "मी येतो भाषणाला. च्या तू कर, तुझ्या हातानं. कप तुझा, बशी माझी. ती प्यालो की मिटलं. तवर न्हाय."

"तवर न्हाय," चंदनाक्का म्हणाली, आन किती महिन्यांनी हसली.

ती दुपार आली. मला धुवून, उन्हात वाळवून आणलेलं. हॉलमदी बायका जमल्या, अंबूबाई मागं भिंतीला टेकून बसली. जिन्यानं दमवलं हुतं तिला. चंदनाक्कानं आलं ठेचून च्या केला, किटलीत ओतला आन मला वर घातलं. पण पाहुण्यांची बस हायवेच्या कामात अडकली. आले तवा ऊन खिडकीतनं पार भिंतीवर चढलेलं.

माणूस मोठा गोड बोलणारा. दोन पानं आन एक कळी कशी खुडायची, धुक्यात मळा कसा दिसतो, बायकांच्या बोटांना पानाचा रंग कसा लागतो, सगळं सांगितलं. मग माझ्यावर हात ठेवून म्हणाले, "ही टोपी ज्यांनी शिवली त्यांना नमस्कार. आता मी सांगेपर्यंत ही कुणी काढायची नाही हं. चहाला वेळ द्यायचा असतो."

टाळ्या पडल्या. मी फुगून दुप्पट झालो. हे खरंच झालो, कापूस नवा भरलेला हुता.

पण भिंतीवरचं ऊन पातळ व्हायला लागलं. मागनं अंबूबाईनं चंदनाक्काकडं बघून खिडकीकडं मान केली. चंदनाक्कानं बघितलं. अध्यक्षांच्या पुढ्यात बैठक संपवायची घंटा असती, तिच्यावर तिचा हात गेला. तेवढ्यात पाहुणं म्हणालं, "ताई, अजून दोन मिनिटं घेऊ का?" आता पाहुण्याला न्हाय कसं म्हणायचं? लांबनं आलेला माणूस. चंदनाक्कानं मान हलवली आन हात मांडीवर घेतला. अंबूबाईनं बशीसारखा तळहात धरून दाखवला. चंदनाक्कानं डोळ्यानं सांगितलं, जरा थांब.

आधी असतं तर अंबूबाई उठून आली असती, पदर वढला असता. पण अजून मिटलं न्हवतं ना. ती जाग्यावरच बसून ऱ्हायली.

भाषण संपलं, क्षमानं आभार मानले, लाईट लावले. लाईट लावले तवाच सगळ्यांना कळलं, बाहेर दिवस ऱ्हायला न्हाय. नागेंद्ररावांनी मला उचललं. वाफ भसकन वर आली. बायका म्हणाल्या, "बाई, अजून गरम हाय की."

अंबूबाई कप-बशी घेऊन पुढं आली. चंदनाक्का किटलीपाशी उभी हुती.

"अंबे, दिवस मावळला गं."

"दिसतंय मला. घे की एक घोट, सूर्य काय परत बघाय येतोय?" अंबूबाईनं डोळा मारला. चंदनाक्काच्या डोळ्यात पाणी बघून मग सरळ म्हणाली, "न्हाय गं. तुझा नेम मोडून मला च्या गोड लागणार हाय व्हय? उद्या सकाळी ये घरी. टोपीसंगट ये."

"तू तरी पी."

"एकटीचा मी पावसाळाभर प्यालोय," अंबूबाई म्हणाली, आन कप बशीवर पालथा घातला.

मित्रांनो, हितनं फुडं मी काय वाढवून सांगत न्हाय.

सकाळी चंदनाक्का बस्तीत, म्हंजे जैनांच्या देवळात, दर्शन करून आली, च्या केला, किटली भरली, मला घातलं आन चालत गेली. दाराला कुलूप. कोंबडी पायरीवर बसलेली. शालूबाई बाहेर आली, म्हणाली, "आक्का, पहाटं तिला लई दम लागला. लेकानं गाडी करून बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात नेलंय."

चंदनाक्का घरी परतली न्हाय. तशीच स्टँडवर गेली आन बेळगावच्या बसमदी चढली. किटली मांडीवर, वर मी, माझ्यावर तिचे दोन्ही हात. कंडक्टरनं तिकीट फाडत विचारलं, "काय आक्का, च्या विकायला चाललाय काय?"

"न्हाय रं बाबा. एकीसाठी न्यायलोय."

त्यानं आतल्या बाजूची सीट रिकामी करून दिली, म्हणाला, हितं धक्के कमी लागत्यात. मी सगळं बळ लावलं. एवढं मी लोंढ्याला जाताना लावलं न्हवतं, पुरात लावलं न्हवतं. लुगडं आन इरकल, दोन्ही घट्ट आवळून बसलो.

दवाखान्यात अंबूबाईच्या तोंडावर नळीचा मुखवटा हुता. नर्सबाई चांगली हुती, पण म्हणाली, "आजी, तोंडानं काहीच द्यायचं नाही." चंदनाक्कानं किटली खाटंच्या कडेला ठेवली, अंबूबाईचा हात उचलून माझ्यावर ठेवला. त्या बोटांनीच मला शिवलं हुतं. ती बोटं जरा हलली. मुखवट्याच्या आतनं ती म्हणाली, "गरम हाय."

"व्हय गं. बरी हो, मग पिऊ."

अंबूबाईचे डोळे हसले. खिडकीकडं बघून तिनं हळू म्हटलं, "दिवस हाय अजून."

दुपारीच ती गेली. दिवस मावळायला लई येळ हुता.

संध्याकाळी चंदनाक्कानं किटली दवाखान्याच्या आवारातल्या झाडाखाली रिकामी केली. तवर च्या गार झालता. मी धरून ठेवला हुता, पण गार झालता.

त्याला आता वर्ष होत आलं. चंदनाक्कानं च्या सोडला. नेम घेतला म्हणाली. करते मात्र तीच, आलं ठेचून. सहेली क्लबमदी आता आधी च्या असतो, मग भाषण. पाहुणा कितीबी मोठा असू दे, दारात आला की त्याच्या हातात कप. थर्मास कपाटात हाय, बिचारा, त्याचाबी काय दोष न्हवता.

माझ्या एका बाजूला आता निळं ठिगळ हाय, अंबूबाईच्या साडीचं. चंदनाक्कानं स्वतः लावलंय. टाके लांब लांब, वाकडेतिकडे, अंबूबाईनं बघितलं असतं तर हसून हसून तिला दम लागला असता. क्षमा म्हणाली, "आक्का, मशीनवर घालून देऊ का सरळ?" चंदनाक्का म्हणाली, "ऱ्हाऊ दे."

तवा मित्रांनो, जुनं कापड टाकायच्या आधी उलटं करून बघत जावा, आत कुणाचं काय शिवलेलं असतंय. आन कुणाशी तुमचा अबोला असंल, तर पाहुणं बसलेलं असू दे, भाषण चाललेलं असू दे, उठा आन तेवढा च्या प्या. मी च्या धरून ठेवीन, कितीबी येळ, बेळगावपतोर. दिवस धरून ठेवणं मला जमलं न्हाय.

अजूनबी बैठकीला ऊन भिंतीवर चढलं की चंदनाक्का एक कप भरते, बशीत अर्धा वतते. दोन्हीतलं कायबी पीत न्हाय. माझ्यावर हात ठेवून बसते, ऊन जाईतोवर.